बीकन हिलची उत्तर बाजू : बॉस्टनची ब्लॅक हेरिटेज ट्रेल

पायपीट

बॉस्टनला पाहुणे आले की त्यांना फ्रीडम ट्रेलवर नेणं हा इथल्या मराठी घरांचा कुळाचारच आहे. फुटपाथवरची लाल विटांची रेघ धरायची, ओल्ड साउथ मीटिंग हाउस बघायचं, पॉल रिव्हिअरच्या घरासमोर फोटो काढायचा, क्विन्सी मार्केटला काहीतरी खायचं आणि पाय दुखतायत म्हणत घरी यायचं. त्याच रेघेवर स्टेट हाउसचा सोनेरी घुमट लागतो. त्याच्या समोर रस्ता ओलांडला की दुसरी एक वाट सुरू होते. तिच्यासाठी जमिनीवर रेघ आखलेली नाही, म्हणून की काय, इथे वर्षानुवर्षं राहिलेल्यांनाही ती ठाऊक नसते.

तिचं नाव ब्लॅक हेरिटेज ट्रेल. लांबी १.६ मैल, म्हणजे अडीच किलोमीटरच्या आसपास. १९८० साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरवली, त्यामुळे फिरवायला नॅशनल पार्क सर्व्हिसचे रेंजर असतात. यलोस्टोनला 'अस्वलांपासून लांब राहा' म्हणून बजावणारी ती रुंद काठाची टोपी इथे भर शहरात दिसते. फेरी फुकट. ओळीने फिरून या, टाळ्या वाजवा, घरी जा असा प्रकार नव्हता. आमची रेंजर बाई प्रश्न विचारून गप्प बसायची आणि आम्हाला बोलायला लावायची.

आधी थोडी पार्श्वभूमी. मॅसॅच्युसेट्समधली गुलामगिरी न्यायालयाच्या निकालांनी १७८३ च्या सुमारास मोडली आणि १७९० च्या जनगणनेत या राज्यात एकही गुलाम नोंदला गेला नाही. म्हणजे शेजारची राज्यं अजून विचार करत होती तेव्हा बॉस्टनमध्ये मोकळ्या कृष्णवर्णीयांची वस्ती उभी राहत होती. ती राहिली बीकन हिलच्या उत्तर उतारावर. दक्षिण उतार गर्भश्रीमंतांचा. (त्यांना 'बॉस्टन ब्राह्मिन' म्हणतात. हे इथे लिहिलं की प्रतिसाद कुठे भरकटणार ते मला माहीत आहे, तरी लिहिते.) डोंगर एकच, अलीकडे मालक आणि पलीकडे त्यांचे कोचमन, न्हावी, धोबिणी, खलाशी, जुने कपडे विकणारे. आज दोन्ही उतारांवरची घरं आपल्यासारख्यांनी नुसती बघायची.

सुरुवात होते ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीच्या स्मारकापाशी. गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिण राज्यांत झालेल्या अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेने उभारलेल्या पहिल्या काही कृष्णवर्णीय पलटणींपैकी ही एक. तिचा कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ मात्र गोरा. ऑगस्टस सेंट-गॉडेन्सने हे ब्राँझचं शिल्प घडवायला चौदाएक वर्षं घेतली, अनावरण झालं १८९७ मध्ये. लांबून घोड्यावरचा शॉ तेवढा दिसतो. जवळ जाऊन बघा. मागून चालणाऱ्या शिपायांपैकी एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही. कोणी दाढीवाला, थकलेल्या डोळ्यांचा. कोणी मिसरूड न फुटलेला पोरगा. शिल्पकाराने खऱ्या माणसांना समोर बसवून हे चेहरे केले. एवढं करून स्मारकावर नावं कोरली ती पडलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची. काळ्या शिपायांची नावं मागच्या बाजूला आली तोवर १९८० चं दशक उजाडलं होतं. रेंजरने आम्हाला मुद्दाम मागे नेलं, एकेकाला एकेक नाव मोठ्याने वाचायला सांगितलं.

आणि पगाराची गोष्ट. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. यांना १०, त्यातून कपड्यांचे ३ कापून हातात ७. पलटणीने पगारच घेतला नाही. राज्य सरकार म्हणालं, वरचा फरक आम्ही देतो. तोही नको म्हणाले. १८ जुलै १८६३ रोजी दक्षिणेच्या वॅगनर किल्ल्यावर चाल करून गेले तेही बिनपगारीच. सुमारे ६०० जणांपैकी अडीचशेहून जास्त मेले, जखमी झाले किंवा शत्रूच्या हाती लागले. समान पगाराचा कायदा १८६४ मध्ये झाला. सार्जंट विल्यम कार्नीने तिथे गोळ्या खात झेंडा जमिनीला लागू दिला नाही, त्याला पदक मिळालं ते १९०० साली.

इथून चढून पलीकडे उतरायचं. ५, पिंकनी स्ट्रीट हे जॉर्ज मिडलटनचं लाकडी घर, १७८७ च्या सुमाराचं, बीकन हिलवर कृष्णवर्णीयांनी बांधलेल्या घरांत आज उभं असलेलं सगळ्यात जुनं. मिडलटन कोचमन होता, स्वातंत्र्ययुद्धात लढलेला. हे घर त्याने लुई ग्लॅपियन नावाच्या केशकर्तनकाराबरोबर मिळून बांधलं. गुलामांचा व्यापार बंद झाल्याचा आनंद साजरा करायला दरवर्षी वस्तीतले लोक मिरवणूक काढायचे आणि गोऱ्यांची टोळकी दगड घेऊन त्यांना पिटाळायला यायची. एका वर्षी म्हातारा मिडलटन भरलेली बंदूक घेऊन दारात उभा राहिला. ही आठवण लिडिया मारिया चाइल्ड या लेखिकेने लिहून ठेवली आहे.

६६, फिलिप्स स्ट्रीट. माझ्या मते या फेरीचा गाभा हाच. विटांचं चारचौघांसारखं घर, दारापाशी पाटी, आत राहणारे राहतायत. इथे लुईस आणि हॅरिएट हेडन राहायचे. लुईस केंटकीत गुलाम म्हणून जन्मला. पहिली बायको आणि मुलगा विकले गेले, पुन्हा दिसले नाहीत. १८४४ मध्ये हॅरिएट आणि तिच्या मुलाला घेऊन पळाला. नवराबायकोने तोंडाला पीठ फासलं होतं, लांबून गोरे दिसावेत म्हणून, आणि पोराला घोडागाडीच्या बैठकीखाली दडवलं होतं. पळायला मदत करणारा गोरा पाद्री कॅल्विन फेअरबँक तुरुंगात गेला. त्याच्या सुटकेसाठी हेडनचा जुना मालक ६५० डॉलर मागत होता, ते हेडनने नंतर बॉस्टनमध्ये वर्गणी काढून पाठवले. ज्याच्या ताब्यातून पळालो त्यालाच पैसे पाठवायचे! मला तर ही गोष्ट पळण्यापेक्षाही मोठी वाटते.

बॉस्टनमध्ये त्याने केंब्रिज स्ट्रीटला कपड्यांचं दुकान टाकलं आणि हे घर पळून आलेल्यांचा तळ झालं. १८५३ मध्ये हॅरिएट बीचर स्टो इथे आली तेव्हा नुकतेच आलेले १३ जण एकाच खोलीत होते. घराच्या पायरीखाली बंदुकीच्या दारूची पिंपं भरून ठेवली आहेत, पकडायला कोणी आला तर घरासकट उडवून देईन, असं हेडन सांगत असे. पुढे १८७३ मध्ये तो राज्याच्या विधिमंडळावर निवडून गेला. हॅरिएट गेली तेव्हा तिने सगळी शिल्लक हार्वर्डच्या वैद्यकीय शाखेला दिली, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी.

शेवट जॉय स्ट्रीटवरून आत, स्मिथ कोर्ट नावाच्या बोळात. डावीकडे-उजवीकडे मिळून पाचसहा इमारती, पण देशाच्या इतिहासातली किती पानं इथे कोंबली आहेत! १८०६ चं आफ्रिकन मीटिंग हाउस, कृष्णवर्णीयांची अमेरिकेत आज उभी असलेली सगळ्यात जुनी चर्चची इमारत. गोऱ्यांच्या चर्चमध्ये वर सज्जात बसवायचे म्हणून वस्तीने आपलं वेगळं चर्च बांधलं. केटो गार्डनर, आफ्रिकेत जन्मलेला, त्याने एकट्याने १५०० डॉलरहून जास्त गोळा केले. दारावर त्याचं नाव आहे. उद्घाटनाच्या दिवशी गंमत बघा, खालची आसनं देणगीदार गोऱ्यांसाठी राखून ठेवली आणि बांधणारे सज्जात बसले. ६ जानेवारी १८३२ रोजी गुलामगिरीविरुद्ध लढणारा पत्रकार विल्यम लॉइड गॅरिसन याची न्यू इंग्लंड अँटी-स्लेव्हरी सोसायटी स्थापन झाली ती इथेच. १८६३ मध्ये ५४व्या पलटणीची भरतीही इथे झाली. नंतर वस्ती हलली, इमारत ज्यू मंडळींनी घेतली, बरीच वर्षं सिनेगॉग होतं, १९७२ मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या संग्रहालयाने घेतलं. दुरुस्त होऊन २०११ च्या डिसेंबरात उघडलं. आतली मांडणी १८५५ सालची.

शेजारची शाळा आणि समोरचं विल्यम कूपर नेलचं घर यावर लिहायचं तर आणखी एक धागा लागेल. प्रतिसादांत बोलू.

---

सदाफुली

मस्त लिहिलंय. पुढच्या महिन्यात आईबाबा येतायत. बाबांचे गुडघे कुरकुरतात. त्यांना झेपेल का? आणि मध्ये बाथरूमची सोय काय? हसू नका, आमच्याकडे सहलीचा आराखडा यावरूनच ठरतो.

---

टवाळ_कार्टं

बॉस्टन ब्राह्मिन म्हणजे नेमके कुठले? देशस्थ की कोकणस्थ? कंजूष असतील तर सांगायला नको.

(ह. घ्या. लेख आवडला.)

---

पायपीट

@सदाफुली, चढ खरा आहे आणि फुटपाथ विटांचे, झाडांच्या मुळांनी वर उचललेले. चपला नकोत, बूटच घाला. मीटिंग हाउसपर्यंत बाथरूम नाही, तेव्हा निघण्यापूर्वी पार्क स्ट्रीट स्टेशनच्या आसपास आटोपून घ्या. गुडघे फारच त्रास देत असतील तर उलटं करा : बाबांना गाडीने जॉय स्ट्रीटच्या स्मिथ कोर्टपाशी सोडा, तिथलं संग्रहालय आणि मीटिंग हाउस बघू द्या, वर स्मारकाकडे वेगळ्या दिवशी. नुसतं तेवढं बघितलं तरी चालतं. शॉ स्मारक ते स्टेट हाउस हा पट्टा सपाट आहे.

@टवाळ, माहीत होतं :)

---

गाववाला

लेख चांगला, पण एक गोष्ट खटकली. गुलामगिरी मोडली ती शेवटी गोऱ्यांनीच ना? गॅरिसन गोरा, लिंकन गोरा, लाखो गोरे शिपाई मेले. आता या फेऱ्यांमधून सगळं श्रेय एका बाजूला द्यायची फॅशन आलीय.

---

अमृतवेल

@गाववाला, तारखा मांडून बघूया. मीटिंग हाउस १८०६. त्याआधी १७९६ मध्ये याच वस्तीने आफ्रिकन सोसायटी काढली, आजारी आणि विधवांना मदत करायला. डेव्हिड वॉकरचं 'अपील', म्हणजे गुलामगिरीविरुद्धची त्याची पत्रिका, १८२९. गॅरिसनची सोसायटी १८३२, आणि तिला सभेला जागा दिली ती काळ्यांच्या चर्चने. गॅरिसनच्या वर्तमानपत्राचे सुरुवातीचे वर्गणीदार बहुतेक कृष्णवर्णीय होते. म्हणजे गॅरिसन आला तेव्हा मंडप घालून तयार होता.

वॉकरबद्दल थोडं : तो ८१, जॉय स्ट्रीटला राहायचा. जुन्या कपड्यांचं दुकान. गिऱ्हाईक बरेचसे खलाशी. आपली पत्रिका तो कपड्यांच्या अस्तरात शिवून द्यायचा, जहाजाबरोबर ती दक्षिणेतल्या बंदरांत पोचायची. दक्षिणेतल्या राज्यांनी धास्ती घेऊन असल्या साहित्यावर बंदी घातली. १८३० मध्ये तो गेला. विषप्रयोगाची बोलवा झाली, पण क्षयाने गेला असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच रस्त्यावर मारिया स्ट्यूअर्ट राहायची. स्त्री-पुरुषांच्या एकत्र सभेत जाहीर भाषण करणाऱ्या पहिल्या अमेरिकन स्त्रियांपैकी ती एक, साल १८३२.

आणि आता मला खरं जे म्हणायचंय ते. जोतिरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. ती अर्पणपत्रिका नीट वाचली तर कौतुक आहे ते गुलामांना सोडवणाऱ्यांच्या निःस्वार्थ त्यागाचं, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा ही इच्छा. म्हणजे जोतिराव उच्चवर्णीयांना सांगतायत, बघा, तिकडच्या मालकांच्या जातीने काय केलं. रास्त आहे, त्यांचा रोख तोच होता. पण त्याच १८७३ साली लुईस हेडन विधिमंडळात निवडून आला. जोतिरावांच्या टेबलावर हेडनची गोष्ट असती तर ती अर्पणपत्रिका कशी झाली असती, हा विचार मला या फेरीनंतर सोडत नाही.

---

गाववाला

वॉकरचं माहीत नव्हतं. तरीही फौज उभी राहिली नसती तर अस्तरातल्या पत्रिकांनी काय झालं असतं, हा प्रश्न राहतोच.

---

निशाचर

फौजेतही सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय होते हो. असो.

मला दारूच्या पिंपांबद्दल म्हणायचंय. अशा गोष्टी मागाहून फुगवल्या जातात, हेडननेही थोडं रंगवून सांगितलं असेल. पण १८५० चा कायदा काय होता ते ध्यानात घेतलं तर माणूस पायरीखाली दारू ठेवेल हे पटतं. त्या कायद्याने पळून आलेला गुलाम उत्तरेतही पकडता यायचा. ज्युरी नाही, त्याला स्वतःची साक्ष देता येत नाही. आणि निवाडा करणाऱ्या कमिशनरला माणूस परत पाठवला तर १० डॉलर, सोडला तर ५. सरळ सरळ दलाली.

क्राफ्ट पतिपत्नी याच हेडनकडे लपले होते. एलन क्राफ्ट रंगाने इतकी उजळ की गोरी खपायची. डिसेंबर १८४८ मध्ये जॉर्जियातल्या मेकनहून ती आजारी गोऱ्या मळेवाल्याच्या पुरुषी वेशात निघाली आणि नवरा विल्यम तिचा नोकर. तिला लिहिता येत नव्हतं, हॉटेलात सही मागतील म्हणून उजवा हात झोळीत बांधून घेतला. आगगाडी आणि आगबोटीने पहिल्या दर्जात बसून दोघं नाताळच्या दिवशी फिलाडेल्फियाला पोचले. दोन वर्षांनी त्यांना पकडायला दोन माणसं बॉस्टनला आली. वस्तीने त्या दोघांचं राहणं इतकं अवघड केलं, रस्त्यात हुर्यो, त्यांच्यावरच खटले, की ते हात हलवत परत गेले. क्राफ्ट मंडळी इंग्लंडला निघून गेली.

(आणि पळणाऱ्यांना लपवत पुढे पोचवणाऱ्यांच्या या जाळ्याला 'अंडरग्राउंड रेलरोड' म्हणतात, ती बोगद्यातली गाडी नव्हे, हे एकदा सांगून टाकतो. माझ्या मेव्हण्याने स्टेशन कुठंय विचारलं होतं.)

---

अमृतवेल

त्यात शॅड्रॅक मिंकिन्सही जोडा. फेब्रुवारी १८५१. हॉटेलातल्या वाढप्याला कामावरून उचलून कोर्टात आणलं. दुपारी कृष्णवर्णीयांचा जमाव थेट कोर्टरूममध्ये घुसला, त्याला उचललं आणि बाहेर. पुढे हेडनने त्याला शहराबाहेर काढलं, मिंकिन्स माँट्रिअलला पोचला. खटले झाले, पण हेडनला शिक्षा काही झाली नाही.

पण दरवेळी जमलं नाही. १८५४ मध्ये अँथनी बर्न्सला परत पाठवलं. २ जूनला फौजेच्या पहाऱ्यात त्याला बंदरावर नेलं तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा ५० हजार लोक होते असं सांगतात, दुकानांवर काळी कापडं. नंतर लेनर्ड ग्राइम्स या पाद्र्याच्या चर्चने १३०० डॉलर भरून त्याला विकत घेऊन सोडवलं. ते चर्च याच फिलिप्स स्ट्रीटवर होतं, हेडनच्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

---

कोथिंबीरवडी

आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. धाकटी ८ वर्षांची. तिला स्मारक, युद्ध वगैरेत फारसा रस नव्हता, पण ॲबिएल स्मिथ शाळेपाशी ती एकदम जागी झाली. पायपीटताईंनी तो भाग सोडलाय म्हणून लिहिते.

आधी शाळा मीटिंग हाउसच्या तळघरात भरायची. विल्यम नेल तिथला हुशार मुलगा. १८२९ च्या परीक्षेत तो पहिल्यांत आला. शहरातल्या हुशार मुलांना फ्रँकलिन पदक आणि फॅन्युइल हॉलमध्ये मेजवानी असायची. नेलला पदकाऐवजी एक पुस्तक दिलं आणि जेवायला बोलावलं नाही. मग या पोराने काय करावं? वाढप्यांत ओळख काढली आणि वाढपी म्हणून आत गेला. पदकवाल्या मुलांना वाढलं. तिथेच त्याने ठरवलं की शाळांमधला हा भेद मोडायचा, आणि पुढची २५ वर्षं तेच केलं.

१८३५ मध्ये ॲबिएल स्मिथ नावाच्या गोऱ्या व्यापाऱ्याच्या देणगीतून वेगळी इमारत झाली. पण शहरभरच्या काळ्या मुलांना तीच एक. सेरा रॉबर्ट्स ५ वर्षांची. तिच्या घरापासून इथवर येताना वाटेत गोऱ्या मुलांच्या ५ शाळा लागायच्या. तिच्या वडिलांनी, बेंजामिन रॉबर्ट्स, छापखानावाले, शहरावर दावा लावला. वकील रॉबर्ट मॉरिस, देशातल्या सुरुवातीच्या कृष्णवर्णीय वकिलांपैकी, आणि चार्ल्स सम्नर. १८५० मध्ये हरले. रेंजरने मुलांना विचारलं, तुम्ही असता तर काय केलं असतं? माझी म्हणाली, "शाळेतच गेले नसते." रेंजर म्हणाला, अगदी तेच केलं लोकांनी! पालकांनी मुलं काढून घेतली, शाळा ओस पडली. १८५५ मध्ये राज्याने कायदा करून शाळांमधला वर्णभेद बंद केला, देशात पहिल्यांदा. त्या कायद्यामागे नेलच्या अर्जांचा ढीग होता.

परतीच्या गाडीत धाकटीचा प्रश्न : "त्या वाढपी दादाला नंतर पदक दिलं का?" उत्तर असं की कायदा झाल्यावर वस्तीने सभा घेऊन नेलचा सत्कार केला. पण फ्रँकलिन पदक नाही ते नाहीच.

---

टवाळ_कार्टं

आता मस्करी सुचत नाहीये. वाढपी होऊन आत जाणं हे भारी होतं.

---

जुनाजाणता

रॉबर्ट्सचा निकाल तिथेच संपला नाही. न्यायमूर्ती लेम्युएल शॉ यांच्या त्या निकालाचा आधार १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळं पण समान' या सूत्रासाठी घेतला. पुढची ५८ वर्षं देशभर जे चाललं त्याची एक मुळी या बोळात आहे, आणि ती दक्षिणेत नाही, बॉस्टनमध्ये आहे. हे फेरीत सांगतात का?

मी १९८० च्या दशकात इथे आलो. ऑफिसातल्या गोऱ्या सहकाऱ्याने पहिल्याच आठवड्यात नकाशावर बोट ठेवून सांगितलं, इथे इथे घर बघू नकोस. बोट रॉक्सबरीवर होतं. बीकन हिलची वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून साउथ एंड आणि रॉक्सबरीकडे सरकली. माल्कम एक्स तरुणपणी रॉक्सबरीत बहिणीकडे राहायचे, मार्टिन ल्यूथर किंग बॉस्टन युनिव्हर्सिटीत पीएचडी करताना साउथ एंडला. किंग यांच्या स्मरणार्थ उभारलेलं, नुसत्या मिठी मारणाऱ्या हातांचं 'द एम्ब्रेस' शिल्प २०२३ पासून बॉस्टन कॉमन या बागेत आहे, शॉ स्मारकापासून पाच-सात मिनिटं. शिल्पाबद्दल मतं टोकाची आहेत. मला हात आवडले.

आणि १९७४. न्यायमूर्ती गॅरिटी यांनी शाळा मिसळण्यासाठी मुलांना बसने दुसऱ्या भागात पाठवायचा आदेश दिला आणि हे शहर पेटलं. साउथ बॉस्टनमध्ये काळ्या मुलांच्या बसवर दगड पडले. १९७६ मध्ये सिटी हॉलच्या चौकात एका कृष्णवर्णीय वकिलावर अमेरिकन झेंड्याची काठी भाल्यासारखी रोखलेली, तो फोटो जगभर गेला, पुलित्झर मिळालं. सिटी हॉल ते स्मिथ कोर्ट, रमतगमत गेलात तरी पंधरा मिनिटं. १८५५ च्या कायद्यापासून १२१ वर्षं.

---

पायपीट

@जुनाजाणता, रॉबर्ट्सचा पुढचा प्रवास रेंजरने सांगितला. १९७४ तिने स्वतःहून काढलं नाही. एका बॉस्टनकर आजोबांनी काढलं आणि मग दहा मिनिटं तेच चाललं. आजोबा त्या बसमधले होते की दगडवाल्यांतले, ते शेवटपर्यंत कळलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

@कोथिंबीरवडी, नेलबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. त्याने १८५५ मध्ये स्वातंत्र्ययुद्धातल्या कृष्णवर्णीय सैनिकांवर पुस्तक लिहिलं, नंतर टपाल खात्यात कारकून झाला. ३, स्मिथ कोर्टचं फळ्यांचं घर तेच, तो तिथे भाडेकरू होता.

---

प्रवासी_पक्षी

पुण्यात असतो, त्यामुळे बॉस्टन लांब. पण वाचताना वाटत राहिलं की भिडेवाडा, गंजपेठेतला फुलेवाडा, आणि मधल्या पेठा अशी एखादी चालत फिरायची फेरी सरकारी माणसाने, फुकट, रोज ठरल्या वेळी करायला हवी. हेरिटेज वॉक आहेत, पण त्यात शनिवारवाडा, तांबट आळी, मग चहा. १८४८ ची मुलींची शाळा ओझरती.

---

गाववाला

हे मात्र पटलं. आणि अशी फेरी निघाली तर सनातनी पुण्याने सावित्रीबाईंवर काय फेकलं तेही उभं राहून सांगावं लागेल. ते सांगणारा सरकारी माणूस शोधा आधी.

---

अमृतवेल

जोडून आणखी एक : बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत हवी म्हणून. ड्यू बॉइस मूळचे मॅसॅच्युसेट्सचेच, ग्रेट बॅरिंग्टनचे, आणि हार्वर्डमधून पीएचडी मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय. अर्पणपत्रिकेत जोतिरावांनी सोडवणाऱ्यांकडे बघितलं. बाबासाहेबांनी थेट लढणाऱ्यांना पत्र टाकलं. मधे ७३ वर्षं.

---

सदाफुली

धागा कुठल्या कुठे गेला, पण वाचायला मजा आली. पायपीटताई, शेवटचं : रेंजर नसेल त्या दिवशी नुसतं स्वतः फिरता येतं का? आणि घरांच्या आत?

---

पायपीट

येतं. नकाशा पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर आहे, प्रत्येक ठिकाणी पाटी आहे. रेंजरच्या फेऱ्यांचे दिवस मोसमाप्रमाणे बदलतात, निघायच्या आदल्या दिवशी बघून घ्या. घरं सगळी खासगी, रस्त्यावरूनच बघायची. पायरीवर बसून फोटो काढू नका, रहिवासी वैतागतात आणि बरोबरच आहे. आत जाता येतं ते स्मिथ शाळेतल्या संग्रहालयात आणि मीटिंग हाउसमध्ये, त्याला तिकीट आहे. सोमवारी जाणार असाल तर उघडं आहे का ते आधी तपासा.

परत येताना पुन्हा डोंगर चढायची गरज नाही. जॉय स्ट्रीट तसाच खाली केंब्रिज स्ट्रीटला उतरतो, डावीकडे चालत गेलात की चार्ल्स/एमजीएच स्टेशन. बाबांना सांगा, सगळा उतार आहे.